आगीनगाडीचं शेवटचं स्टेशन

पहाटे डोळा उघडतो तेव्हा गाडीचा वेग उतरलेला असतो. तुम्ही खिडकीचा जाड पडदा सारून बघता, तर बाहेर ऊस. उजाडायच्या आधीचा, काळपट हिरवा, दवानं जड झालेला. मध्येच एखादा गोठा, एखादा पिवळा दिवा, पाण्याचा पाट. काल या वेळी तुम्ही अजिंठ्याच्या वाटेवर होता, उद्या या वेळी गोव्यात असाल. आज कोल्हापूर.

तुम्ही डेक्कन ओडिसीत आहात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ही निळी गाडी २००४ च्या जानेवारीत पहिल्यांदा धावली, कोरोनात बंद पडली आणि २०२३ च्या सप्टेंबरात पुन्हा रुळांवर आली. डबे एकवीस आणि प्रवासी शंभराच्या आत. झोपायच्या डब्यात खोल्या चार, खोलीत माणसं दोन. मिरज-कोल्हापूर पॅसेंजरच्या एकाच डब्यात अंबाबाईच्या नवरात्रात याहून जास्त माणसं उभी असतात. पायाशी मऊ सपाता आहेत, उशीवर चुणी नाही, आणि दाराशी अदबीनं उभा असलेला माणूस विचारतोय, "चहा आणू का, सर?" तिकीट लाखांत आहे. ते कुणी काढलं हे विचारू नका. गोष्टीपुरतं मी काढलंय असं समजा.

गाडी थांबते आणि फलाटावर हलगी कडाडते. लेझीम खेळणारी पोरं, फेटे, कपाळाला कुंकू, गळ्यात हार. शेजारच्या खोलीतल्या परदेशी आजींना फेटा बांधून होईस्तोवर त्या हसून हसून रडवेल्या होतात. बाहेर वातानुकूलित बस उभी आहे. अंबाबाईचं देऊळ, न्यू पॅलेस, जमलं तर पन्हाळा, आणि अंधार पडायच्या आत परत गाडीत. बेत वाईट नाही. पण तुम्ही त्या बसमध्ये चढू नका. हलगीकडं पाठ करा आणि फलाटाच्या त्या टोकाला चला, जिकडं कुणी फोटो काढत नाही.

तिथं रूळ संपतात. कोल्हापूर हे टोकाचं स्टेशन. मिरजेकडून आलेले रूळ इथवर येतात, आडव्या बफरला टेकतात आणि खलास. पुढं रिक्षा, दुचाक्या, गाव. स्टेशनाला आता छत्रपती शाहू महाराज टर्मिनस म्हणतात. नावातला 'टर्मिनस' आपण सहज बोलून जातो, तो इथं बघायला मिळतो. बफरच्या लोखंडावर हात ठेवा. गार लागतंय? हात असू दे तिथंच.

ऊन एकदम चढतं. मे महिन्याचं, डोक्यावर हातोड्यासारखं. बफर नाही, फलाट नाही, छप्पर नाही. गावाबाहेरचा माळ आहे, मांडव घातलाय आणि मांडवात जरीचे रुमाल नि साहेबांच्या टोप्या यांची दाटी झालीय. तारीख ३ मे १८८८. सगळ्यांच्या मधे अंगानं थोराड, चेहऱ्यानं कोवळा असा एक मुलगा उभा आहे. चौदा पुरे व्हायला त्याला दोन महिने कमी आहेत. कागलच्या घाटग्यांचा हा यशवंतराव चार वर्षांपूर्वी दत्तक येऊन शाहू छत्रपती झाला. शिकतो राजकोटला, राजकुमार कॉलेजात. राज्याचा कारभार हातात यायला अजून सहा वर्षं आहेत. आज मात्र कोल्हापूर ते मिरज लोहमार्गाची पहिली माती त्याच्या हातानं निघणार आहे.

तुमच्या बाजूला घोंगडं पांघरलेला एक शेतकरी उकिडवा बसलाय. मे महिन्यात घोंगडं कशाला असं विचारू नका, ते ऊन लागू नये म्हणून असतं. तो तुमच्या पँटकडं एकवार बघतो.

"पावणं, कुठलं म्हणायचं?"

तुम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर देता.

"हितनं मिरजंपतुर लोखंड घालणार म्हणं," तो म्हणतो. "त्यावनं आगीनगाडी पळणार."

"हो."

"गूळ न्हील का?"

मांडवात इंग्रजीत भाषण चाललंय, प्रगती आणि कृपाछत्र असले शब्द उन्हात तरंगताहेत. पण त्या दिवशी माळावर जो खरा प्रश्न विचारला गेला असेल तो हाच असणार, अशी माझी खात्री आहे. कारण गुळाचं दुखणं तुम्ही त्याच्याकडून ऐका. ऊस गाळायचा, काहिलीत रस आटवायचा, गुळव्यानं नेमक्या वेळी 'उतरा' म्हणायचं, गुळाचे रवे पाडायचे. इथवर सगळं आपल्या हातातलं. पुढं बैल आणि घाट. घाट उतरून कोकणातलं बंदर गाठायचं, तिथनं गलबतानं मुंबई. वळीव लवकर आला की गोणपाटातल्या रव्याला पाणी सुटतं. वाटेत चिकट काळा ओघळ बैलाच्या पाठीवरनं खाली येतो, माश्या मागं लागतात आणि बंदरावर व्यापारी भाव पाडतो. वर्षाची मेहनत घाटात वितळते. "न्हील," तुम्ही सांगता. तो मान हलवतो. त्याला पटलेलं नसतं.

तीन वर्षं डोळा मिटून उघडण्यात जातात. तुम्ही त्याच जागी आहात, पण आता खाली खडी आहे, समोर धूर आहे आणि तारीख २१ एप्रिल १८९१ आहे. वीस दिवसांपूर्वी, १ एप्रिलला, महाराजांचं लग्न झालं. बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाई राणीसाहेब झाल्या. लग्नाचा गुलाल अजून गावाच्या अंगावरनं पुरता उतरलेला नाही, तोवर हा दुसरा सोहळा. एकोणतीस मैलांचा मार्ग, वाटेत पंचगंगा आणि कृष्णा, दोन्हींवर पूल, आणि पहिल्या कुदळीपासून तीन वर्षं पुरी व्हायच्या आत गाडी. पैसा कोल्हापूर दरबारचा. गाड्या चालवणार सदर्न मराठा रेल्वे, पण मार्गाचं नाव कोल्हापूर स्टेट रेल्वे. तिजोरी आपली, रूळ आपले. महाराज सध्या धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली शिकताहेत. धारवाडही याच कंपनीच्या रुळांवर, त्यामुळं सुट्टीला घरी येताना त्यांना आता मिरजेला बैल जुंपावे लागणार नाहीत.

पहिल्या वर्गाच्या डब्याकडं बघा. गाद्या, पितळी कड्या, रंगवलेलं लाकूड. वारसा म्हणून आज जे विकलं जातं ते हेच. १९८२ साली राजस्थानात पॅलेस ऑन व्हील्स निघाली तेव्हा तिला जुन्या संस्थानिकांचे अस्सल सलून जोडले होते. आपल्या निळ्या गाडीचे डबे मात्र चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात नव्यानं घडलेले. म्हणजे आजचा प्रवासी राजाच्या सलूनची हुबेहूब कल्पना विकत घेतो. घ्यावी, त्यात पाप नाही. फक्त त्या काळच्या गाडीत सलून असून असून किती? बाकी सगळी गाडी तिसऱ्या वर्गाची. तुम्ही तिथंच चढा.

लाकडी बाक, पाठीला फळी. संडास नाही, ज्याला जायचं त्यानं स्टेशन येईस्तोवर कळ काढायची. खिडकीतनं कोळशाचा कण आत येतो आणि डोळ्यात जातो. समोरच्या आजी पदराचा बोळा करून फुंकर मारतात आणि तुमच्या डोळ्याला लावतात. ओळख ना देख. त्यांच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं, त्याला लसणाच्या चटणीचा वास. खाली बाकाखाली कुणाची तरी कोंबडी. वरच्या वर्गात काय चाललंय ते त्यांना ठाऊक नाही आणि त्यांना त्याचं काही पडलेलंही नाही. मिरजेला लेक दिलीय. गाडीवाटेनं मधे एक मुक्काम पडायचा, आता सकाळी निघून दुपारी नातवाला मांडीवर घेणार.

शिट्टी होते. एक हिसडा बसतो, सगळे एकमेकांवर कलंडतात, 'अंबाबाईच्या नावानं' अशी आरोळी उठते आणि गाडी हलते. आता मागं वळून बघा, कारण ही गाडी नुसती मैल कापत नाही. स्टेशनामागच्या मोकळ्या माळावर आखणी होताना दिसते, मग पेढ्या, गोदामं, बैलगाड्यांच्या रांगा. ती शाहूपुरी. १८९५ साली महाराजांनी ती पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार थेट रुळांच्या उशाशी आणून ठेवला. घोंगडं पांघरलेल्या माणसाला उत्तर मिळालं ते असं. मला विचाराल तर या राजाचं रेल्वेतलं खरं वैभव सलूनमध्ये शोधू नये, मालगाडीच्या डब्यात शोधावं. आजही शहराबाहेर पडताना पहिला थांबा लागतो त्याचं नाव काय आहे ठाऊक आहे? 'गूळ मार्केट'. जिभेवर ठेवावं असं नाव असलेली स्टेशनं देशात फार नसतील.

मालडब्यात डोकावा. रव्यावर रवा, गोणपाटात शिवलेला, वर गेरूनं पेढीची खूण. हात लावला तर बोटं किंचित चिकटतात. एका रव्याच्या कडेला गुळव्याच्या अंगठ्याचा ठसा तसाच राहिलाय. हा रवा पुण्यापर्यंत आरामात जाईल. तिथं त्याची परीक्षा. कोल्हापूर, मिरज, पुणे हे रूळ मीटर मापाचे, म्हणजे दोन रुळांत जेमतेम सव्वातीन फुटांचं अंतर. पुण्याच्या पुढं मुंबईला जाणारे साडेपाच फुटांचे. गाडी बदलायची म्हणजे रवा हमालाच्या पाठीवर. या डब्यातनं उचल, त्या डब्यात टाक. माणसांचंही तेच, झोपेतली पोरं खांद्यावर टाकून पुण्यात डबा बदलायचा. ही उचलाउचल एक-दोन वर्षं चालली असेल असं वाटतं ना? १९७१ पर्यंत चालली. ऐंशी वर्षं कोल्हापूरचा गूळ पुण्याच्या हमालांच्या पाठीला चिकटला.

वळिवडे. गाडी थांबते आणि हवा बदलते. आजी नाहीत. बाकावर खाकी कपड्यातला एक जवान पेंगतोय. साल १९४३, तिकडं युद्ध पेटलेलं. फलाटावर गोरी माणसं उतरताहेत, पण ही साहेबलोकं नव्हेत, साहेब असे दिसत नाहीत. बायका आणि पोरं, पोरं आणि बायका. पुरुष हाताच्या बोटांवर. बाचकी दोरीनं बांधलेली, अंगावरचे कपडे कुणाच्या तरी मापाचे. पोलंडची माणसं. रशियानं त्यांना घरांतनं उचलून सैबेरियात नेलं, तिथनं सुटून ती इराणात पोचली, इराणातनं कराची, आणि कराचीहून हळूहळू या उसाच्या रानात. वळिवड्यात त्यांच्यासाठी छावणी उभी राहिलीय. लांबच लांब चाळी. पुढं तिथं त्यांच्या शाळा होतील, चर्च होईल, नाटकं होतील. सगळी मिळून सुमारे पाच हजार माणसं.

तुमच्या खिडकीखाली सातेक वर्षांची एक पोरगी उभी आहे. केस गवताच्या रंगाचे. तिची नजर मालडब्याकडं; दार उघडंय आणि एक रवा फुटलाय. हमाल इकडंतिकडं बघतो, एक खडा उचलतो आणि तिच्या हातावर ठेवतो. ती तो आधी हुंगते. मग जिभेचं टोक लावते. मग काही न बोलता खड्याचे दोन तुकडे करते आणि अर्धा मागं उभ्या असलेल्या भावाला देते. "खा की गं, इख न्हवं ते," हमाल म्हणतो. तिला कळत नाही; पाच वर्षांत कळायला लागेल. १९४८ पर्यंत ही माणसं इथं राहिली, पोरं कोल्हापूरच्या बाजारात मराठीत भाव करायला शिकली. ती गेली आणि त्यांच्या चाळींत फाळणीनं उखडलेले सिंधी आले. त्याचं झालं गांधीनगर, आज लग्नाचा बस्ता बांधायला अख्खा जिल्हा जिथं जातो ते. घर गेलेल्यांना या एकाच स्टेशनानं दोनदा उतरवून घेतलं. निळी गाडी इथं थांबत नाही. थांबावी असं मला फार वाटतं. हेरिटेज म्हणतात ते आणखी काय असतं?

पुढं पंचगंगेचा पूल. खाली नदी मातकट, शांत. इथं एक डोळा २०२१ च्या जुलैकडं ठेवा: पाणी इतकं चढलेलं की कोल्हापूर-मिरज गाड्या बंद. नदीला मीटरगेज नि ब्रॉडगेज सारखंच.

रुकडी येतं. या बाजूच्या शिवारात, हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात, १९२० च्या मार्चात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी अठ्ठावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर होते आणि शाहू महाराज स्वतः येऊन 'तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला' अशा अर्थाचं बोलून गेले. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर कोण कुणाला चिकटून बसलंय हे तिकीट तपासनीस बघत नाही. गावात पाणवठा वेगळा होता, गाडीत बाक एक. महाराजांनी याविरुद्ध कायदे केले ते केलेच, पण रुळांनीही आपल्यापरीनं थोडी वाट मोकळी केली, असं म्हणायला हरकत नसावी.

हातकणंगल्याला सुताचे गठ्ठे उतरतात, इचलकरंजीच्या मागांसाठी. दोन डबे सोडून पैलवान बसलेत. १९१२ ला खासबाग मैदान झाल्यापासून कुस्त्यांच्या हंगामात हे नित्याचं. त्यांच्या डब्यात बाक कमी पडतात. जयसिंगपूर हे महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं, चौकोनी आखणीचं गाव. मग उदगावजवळ कृष्णेचा पूल, आणि मिरज.

मिरजेत उतरून पाय मोकळे करा. एकेकाळी या एका जंक्शनात तीन मापांचे रूळ होते: पुणे-कोल्हापूरची मोठी गाडी, बेळगावकडची मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडं जाणारी बार्शी लाईटची चिमुकली. आषाढीला त्या चिमुकलीच्या टपावरही वारकरी बसलेले असत. तीन मापं, तीन वेग, आणि एकच चहावाला तिन्ही फलाटांवर पळणारा. रेल्वेच्या वारशाचं संग्रहालय काढायचं असतं तर ते इथं आयतं उभं होतं. आपण ते उखडून एका मापाचं केलं. प्रवाशाच्या दृष्टीनं बरंच झालं. तरी हळहळ वाटते ती वाटतेच.

चहावाल्याच्या हातातला कुल्हड तुमच्या हातात येईपर्यंत कागदी कप झालेला असतो. १९७१ उलटून गेलंय, ब्रॉडगेज झालीय, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं कोल्हापूरकर रात्री बसून सकाळी थेट मुंबईत उतरतोय आणि पुण्यात कुणी त्याला उठवत नाही. ज्यानं मध्यरात्री पुण्याच्या फलाटावर ट्रंका ओढल्यात त्यालाच विचारा, ऐषाराम कशाला म्हणतात ते.

हात बफरवर आहे. लोखंड आता तापलंय. मागं निळी गाडी उभी आहे, हलगीवाले बिड्या ओढत सावलीला बसलेत. बस परत यायला वेळ आहे. शेजारच्या फलाटावर पॅसेंजरला झुंबड उडालीय: कॉलेजची पोरं, दुधाची रिकामी कॅन, मिरजेच्या दवाखान्यात दाखवायला निघालेलं एक म्हातारं जोडपं. २०२५ च्या ९ जूनला शिवाजी महाराजांच्या गडांची सहल घडवणारी भारत गौरव गाडी मुंबईहून निघाली. तीही कोल्हापूर-पन्हाळा करते, सहा दिवसांत, आणि तिचं भाडं लाखांत नाही, हजारांत आहे. तिच्यात नऊवारीतल्या आजी दिसतात. मला ती बघून बरं वाटलं.

रात्री तुमच्या ताटात तांबडा-पांढरा रस्सा येईल. तो परदेशी जिभेला बेतून मवाळ केलेला असला तर वाढणाऱ्याला हळूच सांगा, वाटी बदलून आणेल. नंतर गाडी हलेल आणि तुमच्या लक्षात येईल की ती आल्या वाटेनंच परत निघालीय. गोव्याला जायचं तर आधी उलटं मिरजेला, मग बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर. राजापूर, फोंडा घाट, सगळं कोकण कोल्हापूरच्या पायाशी आहे, पण तिकडं उतरायला रूळ नाहीत. घोंगडं पांघरलेल्या माणसाचे बैल ज्या बाजूनं घाट उतरायचे, त्या बाजूला आगीनगाडी अजून वळलेली नाही.

कोल्हापूर ते वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरचा मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झाला. मिरजेचे एकोणतीस मैल पुरे व्हायला १८८८ पासून तीन वर्षंही लागली नव्हती. वैभववाडीची गाडी अजून निघायची आहे.